आमच्या घरातली शाळाबाह्य मुलं

माझ्या मुलीची शाळा आंतरराष्ट्रीय होती. माजलगावच्या रस्त्याला, कापसाच्या दोन रानांच्या मधोमध, पत्र्याखाली ती भरायची आणि तिच्या फाटकावर पृथ्वीचा मोठा गोल रंगवलेला होता. त्या गोलावर आमचं दिंद्रुड नव्हतं, पण ते कुठल्याच गोलावर नसतं, त्यामुळं आम्ही मनाला लावून घेतलं नाही. रोज सकाळी पिवळी गाडी दारात यायची. भर एप्रिलमध्ये गळ्यात टाय आणि पायात गुडघ्यापर्यंत मोजे घालून माझी दुसरीतली पोरगी त्या गाडीत चढायची आणि दुपारी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली उतरायची. शिक्षण म्हटलं की थोडं सोसावंच लागतं, असं गाडीचा ड्रायव्हरसुद्धा मला समजावून सांगायचा.

मी मूळची अंबाजोगाईची. तिथं एम. ए. मराठी केलं आणि लग्न होऊन या गावात आले. नवरा गुरांचा सरकारी डॉक्टर. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात, गावात गुरुजी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मुलं दोन, ही थोरली आणि तिच्या पाठचा धाकटा, जो तेव्हा अजून चड्डी उलटी घालत होता. एवढ्या शिकल्यासवरल्या घरातली पोरगी आंतरराष्ट्रीय शाळेत जाणार नाही तर कुणाची जाणार.

वर्षाअखेरच्या चाचणीत इंग्रजीतून प्रश्न आला की गाय आपल्याला काय देते. माझी मुलगी बापाबरोबर गोठे हिंडलेली. गाय व्यायलेली तिनं पाहिली होती, वासराला ओढून बाजूला बांधतात तेही पाहिलं होतं. तिनं तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की गाय देत नाही, आपण घेतो, आणि वासरासाठी थोडं ठेवतो. त्यावर लाल शाईची भलीमोठी फुली आली आणि पालकांनी भेटावे असा निरोप आला.

मी गेले. वर्गशिक्षिका अगदी तरुण होती, स्वभावानं गोड.

"मॅडम, उत्तर फक्त एका ओळीचं आहे. गाय दूध देते."

"तिनं लिहिलंय ते चूक आहे का?"

"चूक नाही हो, पण गाईडमध्ये नाही."

मी उठणार तेवढ्यात तिनं आवाज खाली आणून आणखी एक सांगितलं. "दुसरं म्हणजे, ती बाकाखाली गोष्टीचं पुस्तक धरून वाचत बसते. वाचनाची सवय आत्ताच मोडली नाही ना मॅडम, तर पुढं अभ्यासावर परिणाम होतो."

इतक्या आपुलकीनं कुणी माझ्या मुलीच्या भल्याचा विचार केला नव्हता. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. खरं म्हणजे आधीच ठरत आलं होतं. पुण्याकडच्या काही आयांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात मी कितीतरी दिवस गुपचूप सगळं वाचत होते. त्या आपल्या मुलांना शाळेत घालत नव्हत्या. घरीच, हळुवारपणे, उत्तमोत्तम पुस्तकांच्या सहवासात वाढवत होत्या. परीक्षा नाही, गाईड नाही. मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, झाडापानांत हिंडायचं, पाहिलेलं वहीत काढायचं. फोटोतली मुलं तागाचे कपडे घालून लाकडी फरशीवर पालथी पडून वाचत असायची. त्या फोटोंत कुणाचंच नाक कधी वाहताना दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरात सांगितलं. आत्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. गॅस आहे, पण भाकरी त्या चुलीवरच करतात.

"कावून काढायलीस गं शाळंतून? मारलं का कुनी?"

"नाही."

"मंग काय झालं?"

"तिचं उत्तर बरोबर होतं, आत्या."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडं वळून पाहिलं. "बरोबर हुतं म्हणून काढायलीस?"

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की गुरांचं काही असेल तर सांगतो, आणि मोटरसायकलला किक मारून कुणाच्या तरी म्हशीकडं गेला. राहिले आण्णा. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"सूनबाई, मी उभी हयात पोरं गोळा करण्यात घालवली. कारखान्याला निघालेल्या ट्रकपुढं उभा राहून पोरं खाली उतरून घेतली. आयाबायांच्या शिव्या खाल्ल्या. आन आता माझ्याच घरातली दोन पोरं घरी बसनार?"

"बसणार नाहीत आण्णा, घरी शिकणार आहेत."

"घरी कोन शिकतं? घरी झोपतेत."

ते पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. आमच्या जिल्ह्यात पोरं शाळेतून गळतात ती ऊस तोडायला आईबापांबरोबर गेल्यानं. त्याला आण्णांनी जन्मभर विरोध केला. आईनं मोबाईल वाचून पोरं गळवल्याचा प्रकार त्यांनाही नवा होता.

मग आमचं हळुवार शिक्षण सुरू झालं. पुण्याच्या आयांच्या सांगण्यानुसार दिवसाची सुरुवात वातावरणनिर्मितीनं करायची होती. टेबलावर स्वच्छ कापड, एक ताजं फूल, एक पेटती मेणबत्ती, आणि मंद आवाजात कविता. टेबल नव्हतं म्हणून मी पेटीवर ओढणी अंथरली. फूल सदाफुलीचं मिळालं. मेणबत्ती लावून मी कवितेची पहिली ओळ म्हणते न म्हणते तोच आत्या दारात उभ्या.

"दिवसाढवळ्या मेनबत्ती कावून लावलीस? लाईट तर हाय."

"वातावरण तयार होतं, आत्या."

त्यांनी वातावरणाकडं नीट पाहिलं. मग पुढं होऊन मेणबत्ती फुंकली आणि पदराच्या टोकात धरून आत नेली. "लाईट जाईल तवा लागंल. ठिवते."

निसर्गभ्रमणाचंही तसंच झालं. ग्रुपमध्ये हिरव्या टेकड्या, दवबिंदू आणि फुलपाखरं येत होती. आमच्याकडं बाभळी होत्या. सकाळी आठच्या आत जाऊन आलो नाही तर चपलेचा तळ पोळायचा. मुलं काटे काढायला शिकली, हे एक कौशल्य म्हणून मी मनात नोंदवून घेतलं. थोरलीनं निसर्गाच्या वहीत पहिलं चित्र काढलं ते गोचिडीचं. शेजारच्या बैलाच्या कानामागून तिनं ती स्वतः उपटून आणली होती. पाय, तोंड, रक्तानं टम्म फुगलेलं पोट, सगळं इतकं हुबेहूब की नवऱ्यानं ते दवाखान्यात नेऊन कंपाउंडरला दाखवलं. मी ते चित्र ग्रुपवर टाकलं. त्याच्या वर एकीच्या मुलानं काढलेलं निळं फुलपाखरू होतं, खाली दुसरीच्या मुलीनं काढलेलं पारिजातकाचं फूल आलं. मधल्या गोचिडीबद्दल कुणी काही बोललं नाही. दुपारनंतर एका आईनं, बहुधा दया येऊन, जोडलेले दोन हात पाठवले.

ग्रुपवर कुणी काही म्हणो, दुपारचं वाचन मात्र जमलं. जेवणं झाली की कूलरसमोर चटई टाकायची आणि मी मोठ्यानं वाचायचं. पहिलं जाड पुस्तक आम्ही धरलं ते समुद्रातल्या दीपगृहावर राहणाऱ्या एका मुलीचं. बाप दिवा राखतो, मुलगी त्याला मदत करते, आणि मग वादळात बाप होडी घेऊन कुणाला तरी वाचवायला जातो. आमच्या घरात समुद्र पाहिलेलं माणूस एकच, नवरा, आणि त्यानंही तो एका परिषदेला गेला असताना हॉटेलच्या गच्चीवरून पाहिलेला. धाकटा पहिल्या पानाला झोपायचा. थोरली पोटावर पडून ऐकायची. आत्या दाराशी तांदूळ निवडत बसायच्या आणि त्यांचं लक्ष तांदळात आहे असं दाखवायच्या.

एक दिवस मी पान उलटलं तशा त्या म्हणाल्या, "थांब जरा. चारी बाजूनं समुद्र हाय म्हनतीस. मंग पिन्याचं पानी कुटून आनतात?"

मी मागं पुढं चाळलं. पुस्तकात कुठंच नव्हतं. एम. ए. ला असताना मी असल्या कादंबऱ्यांवर निबंध लिहिले होते, एकटेपणाचं प्रतीक वगैरे. पाण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"होडीनं आणत असतील."

"म्हंजी टँकरच," आत्या म्हणाल्या आणि समाधानानं पुन्हा तांदळाकडं वळल्या.

ग्रुपच्या शास्त्रानुसार ऐकलेलं परत सांगणं हा या शिक्षणाचा कणा. थोरलीला ते सांगायचा कंटाळा यायचा. आत्यांना अजिबात यायचा नाही. त्या पिठाच्या गिरणीत रांगेला बसल्या की दीपगृहाचा भाग सांगायच्या. तिथून ती गोष्ट गावभर फिरायची. एकदा भाजी घेताना एका बाईनं मला काळजीनं विचारलं की ती दिव्याच्या खोलीत एकटी राहणारी पोरगी तुमच्या अंबाजोगाईच्या नात्यातली का.

पावसाळ्यात सर्वेक्षण आलं. शाळेबाहेर राहिलेली मुलं शोधायला जिल्हा परिषदेचे शिक्षक घरोघर फिरतात, ते आमच्याही दारात आले. आलेले सर आण्णांचेच जुने विद्यार्थी. ओट्यावर आण्णा पेपर वाचत होते. सरांनी वाकून पाया पडून घेतलं आणि मग अवघडून मोबाईल बाहेर काढला.

"गुरुजी, राग मानू नका. तुमच्या घरात दोन लेकरं शाळंत न्हाईत असं कळलं."

"एकच," आण्णा म्हणाले. "दुसरं अजून बारकं हाय."

"एक तर एक. ॲपमध्ये भरावं लागतं. कारण काय टाकू?"

"काय काय कारणं हायत?"

सरांनी वाचून दाखवलं. स्थलांतर, बालमजुरी, लहान भावंडं सांभाळणं, आजारपण, लवकर लग्न. "हळुवार शिक्षण" असा पर्याय सरकारला सुचला नव्हता. मी दारातून म्हणाले की मुलगी घरीच शिकते, आईच शिकवते. सरांनी यादी पुन्हा वरखाली केली.

"स्थलांतर टाकू का, गुरुजी?"

"कुटं स्थलांतर केलं बे तिनं? वट्यावरून घरात?"

मग सरांना सुचलं की मुलीला काय येतं ते तरी पाहावं, म्हणजे वर विचारलं तर सांगता येईल. थोरली आली. तिनं सरांनी दिलेला धडा वाचला आणि नको असताना परत सांगायला सुरुवात केली. धड्यातल्या कोल्ह्याचं मन कसं होतं, त्याला भूक लागली होती म्हणून तो लबाड वाटतो, खरं तर तो दमलेला होता, असं ती बराच वेळ सांगत राहिली. मी तिच्या मागं उभी राहून फुलत होते. सर अधूनमधून घड्याळ बघत होते, त्यांना अजून सबंध गल्ली करायची होती.

"छान. आता सतराचा पाढा म्हन."

हळुवार शिक्षणात पाढे नंतर येतात. मूल आपणहून मागेल तेव्हा द्यायचे असतात. माझ्या मुलीनं ते अजून मागितले नव्हते. आण्णांनी मात्र उन्हाळाभर माझ्या माघारी तिला जरा जरा शिकवले होते, हे मला त्या क्षणी कळलं, कारण ती धडाधड सुरू झाली. सतरा सक एकशे दोन म्हणाली आणि थांबली. तिनं वर बघितलं. सरांनी मोबाईलकडं बघितलं.

"एकशे एकोनीस," आण्णा पेपरामागून पुटपुटले.

परीक्षेत मागं वळून पाहिलं म्हणून ज्यांनी पोरांना उन्हात उभं केलं, ज्यांच्या केंद्रावर कॉपी झाली नाही याचा ते आजही दाखला देतात, त्या माणसानं नातीला उत्तर सांगितलं. सरांनी ऐकलं आणि काही ऐकलं नाही असं केलं. थोरलीनं पाढा पुरा केला. सरांनी शेवटी कारणाच्या रकान्यात "इतर" टाकलं आणि चहा न घेता गेले.

ते गेल्यावर मी आण्णांना काही विचारणार होते, पण ते पेपर इतका डोळ्यांजवळ धरून बसले होते की मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पाढे उघड घेऊ लागले. सकाळी सातला ओट्यावर, खड्या आवाजात, आणि त्यांची काठी प्रत्येक आकड्याला फरशीवर आपटायची. मी सांगून पाहिलं की याला हळुवार म्हणत नाहीत. ते म्हणाले, "काठी फरशीला लावतोय, पोरीला न्हाई. अजून किती हळुवार पायजे?"

दिवाळीनंतर गाव रिकामं झालं. आमच्या मागच्या गल्लीतली बहुतेक घरं ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरवर भांडी, बाजा, कोंबड्या, लेकरं चढतात आणि दोन दिवसांत सगळ्या दारांना कुलपं लागतात. त्यातल्या एका घरात यंदा आजी आणि नात मागं राहिल्या. नात थोरलीच्या वयाची, जिल्हा परिषदेच्या तिसरीत. गेल्या वर्षी ती कारखान्यावर होती, तिथं धाकट्या भावाला सांभाळायची. यंदा सर्वेक्षणाच्या त्याच सरांनी आईबापाला विनवून तिला ठेवून घेतलं होतं.

ती शाळा सुटली की आमच्या दारात येऊन उभी राहायची. कुणी या म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ती उंबऱ्याबाहेर बसली, मग आत, मग चटईवर. तिच्यासाठी मी वाचनाची वेळ संध्याकाळची केली. दीपगृह आम्ही कधीच संपवलं होतं, पण तिनं ते ऐकलेलं नव्हतं, म्हणून थोरलीनं पुन्हा पहिल्यापासून धरायला लावलं.

एकदा ग्रुपमध्ये एका आईनं मला विचारलं की शाळा सोडण्याचं धाडस तुम्ही त्या भागात कसं केलं, खूप कौतुक वाटतं. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. समोर ती पोर बसली होती. तिच्या आईनं तिला शाळेतून नेलं तेव्हा कुणाला कौतुक वाटलं नव्हतं. तिच्याकडं सर्वेक्षण गेलं होतं. ती आई निघाली होती कोयता घेऊन आणि मी राहिले होते कूलर लावून, एवढाच काय तो आमच्या धाडसात फरक. मी ग्रुपला नमस्कार पाठवला आणि पुस्तक उघडलं.

ती पोर घरी गेली की आजीच्या फोनवरून आईला कारखान्यावर फोन लावायची आणि वाचलेलं सगळं सांगायची. हे मला माहीत नव्हतं. एक दिवस तिच्या आईचाच मला फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी मोळ्या टाकत होतं.

"बाई, मी तुमच्याकडं येती त्या पोरीची आई. एक इचारायचं हुतं. कामाचं न्हाई."

"विचारा की."

"त्या दिव्याच्या गोष्टीत बाप गेलता होडी घेऊन. तो परत आला का?"

पुस्तकात बाप परत येत नाही. त्या भागापाशी थोरली रडली होती, आत्या तांदळाचं ताट घेऊन आत निघून गेल्या होत्या. ही पोर मात्र रडली नव्हती. मी विचारलं, "तुमची मुलगी काय सांगते?"

"ती म्हनती आला. म्हनती वादळ थांबलं, मंग तो आला आन लेकीनं त्याला गरम गरम भाकरी दिली. आमच्या कोप्या-झोपड्यांतल्या बाया म्हनतात, असं कुटं हुतं का, पोरगी मनाचं लावून सांगती. म्हनून म्हनलं तुमाला इचारावं. खरं काय हाय?"

मी मराठीची एम. ए. शोकात्म शेवटाचं महत्त्व यावरच्या निबंधाला मला पहिला वर्ग होता. पलीकडं बाई वाट बघत होती.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणाले. "आला तो परत."

"बगा. मी सांगतच हुते ह्यांना." तिनं दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं हाक मारून ते सांगितलं. मग मला म्हणाली, "आमी पाडव्याच्या पुडंमागं येताव. तवर तिला ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं संध्याकाळचं." आणि फोन ठेवला.

मी हे कुणाला सांगितलं नाही. ग्रुपमध्ये तर नाहीच. तिथं मूळ संहितेशी प्रामाणिक राहावं यावर फार भर असतो.

ती माणसं पाडव्याच्या आधी परत आली. पोरीची आई दारात येऊन गेली, कारखान्याकडचा गूळ दिला, पुस्तक हातात घेऊन वरचं चित्र पाहिलं आणि परत दिलं. उन्हाळा गेला. जून तोंडावर आला तेव्हा थोरली माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला शाळेत जायचंय."

मी खाली बसले. हळुवार शिक्षणात मुलाच्या नजरेच्या पातळीवर येऊन बोलायचं असतं. "कुठल्या शाळेत?"

"तिच्या. मराठी शाळेत."

"तुला काय शिकायचं आहे तिथं? आपण ते घरी करू शकतो का, बघू."

"खो-खो," ती म्हणाली. "त्याला नऊ जन लागतात. आपल्या घरात तेवढे न्हाईत."

मी पुस्तकांचं, मोकळेपणाचं, गाईडचं थोडं बोलून पाहिलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "तूच म्हनतीस ना, मुलांचं ऐकावं म्हनून."

ऐकावंच लागलं. एवढं वर्ष घालवून मी मुलीला स्वतःच्या मनानं निर्णय घ्यायला शिकवलं, आणि तिचा पहिला मोठा निर्णय माझ्याविरुद्ध होता. पद्धत यशस्वी झाली असं म्हणायला हरकत नाही. आण्णांनी बातमी ऐकली आणि चेहऱ्यावर काहीही दाखवलं नाही. फक्त स्वतःच उठून धोतर बदललं, टोपी घातली आणि नातीचा हात धरून प्रवेशाला निघाले. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून ते रामराम करत होते, असं नंतर कळलं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच ॲप उघडून मुलीचं नाव शाळाबाह्य यादीतून काढलं.

मी ग्रुपमध्ये कळवलं. तिथं उदास चेहरे आले. एकीनं लिहिलं की प्रत्येकाचा प्रवास वेगळा असतो. धाकटा अजून घरीच आहे. त्याला आण्णा पाढे घेतात, आत्या गोष्टी सांगतात, आणि त्याच्या सगळ्या गोष्टींत पाण्याचा टँकर येतो. त्याचं पुढं काय करायचं ते त्याला विचारून ठरवू असं मी म्हणते तेव्हा नवरा माझ्याकडं रोगी जनावराकडं बघावं तसं बघतो.

शाळेच्या पहिल्या पालकसभेला मी गेले. मुख्याध्यापकांनी बाजूला बोलावून सांगितलं की शनिवारी दप्तर नसतं, मुलांना काहीतरी वेगळं द्यावं असा वरून आदेश आहे, तर तुम्ही येऊन गोष्टी वाचाल का. यासाठी मानधन देण्यासारखं शाळेकडं काही नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. मी हो म्हणाले.

पहिल्या शनिवारी चौथीचा वर्ग फरशीवर बसला होता. पंखा होता, वीज नव्हती. थोरली मैत्रिणीबरोबर मागं बसली होती आणि मला ओळखत नसल्यासारखं करत होती. मी नवं पुस्तक उघडलं. वाचायला सुरुवात करणार तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, ह्याच्यावर प्रश्न येनार हायत का?"

"नाही."

"एकबी?"

"एकही नाही."

तिनं माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं, हातातली पेन्सिल खिशात घातली आणि भिंतीला टेकून बसली. मी वाचायला लागले.